टब घासला तरी चार दिवसांत पुन्हा पांढरट: साबणाचा थर आणि हट्टी डाग

टबातलं पाणी उतरलं की कडेला एक करडी रेघ मागे राहते. ओली असताना बोट लावलं तर बुळबुळीत लागते, वाळली की पांढरी आणि खरखरीत. जोर लावून घासली की निघते, टब चकचकीत दिसतो, आणि चार-पाच आंघोळी झाल्या की पुन्हा तीच रेघ त्याच उंचीवर हजर. फक्त या वेळी आधीपेक्षा चिवट.

आमच्याकडे हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. एकामागून एक बाटल्या आणल्या, घासण्या बदलल्या, दर सुट्टीच्या दिवशी अर्धा तास गुडघ्यांवर बसून घासत राहिलो. मग एकदा नीट बसून पाहिलं तेव्हा कळलं, की त्या थरात दोन वेगवेगळे पदार्थ आहेत आणि मी दर वेळी त्यातला एकच काढतोय. दुसरा तसाच राहतो आणि नव्या थराला धरून ठेवतो. त्यात घासणीने टबाची तुकतुकी उतरली होती, म्हणजे मळाला बसायला मी स्वतःच जागा करून देत होतो. ज्यांचा टब साफ होतो पण साफ राहत नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

थर कशाचा असतो

अंगाचा वडीचा साबण म्हणजे तेल किंवा चरबीतल्या मेदाम्लांचा सोडियम क्षार. तो पाण्यात विरघळतो, म्हणून फेस होतो. पण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल तर ते सोडियमला बाजूला सारून मेदाम्लाला चिकटतात, आणि जो नवा पदार्थ होतो तो पाण्यात विरघळतच नाही. कॅल्शियम स्टिअरेट हे त्यातलं मुख्य नाव. पांढरट, मेणचट, पाण्याला दाद न देणारं. पाण्यावर तरंगणारा जो चोथा दिसतो तो हाच, आणि पाणी उतरताना तो कडेला चिकटत जातो. अंगाचं तेल, मृत त्वचा, केस हे सगळं त्यात अडकतं, म्हणून रंग करडा येतो.

किती होतं ते पाहू. एका लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतके क्षार आहेत असं धरा. १५० लिटरच्या टबात ते ३० ग्रॅम होतात. एवढ्या क्षारांना पुरून उरायला हिशेबाने १८० ग्रॅमच्या वर साबण लागेल. म्हणजे भरलेल्या टबात साबणाची वडी अख्खी विरघळली, तरी ती सगळी चोथा होऊ शकते आणि क्षार उरतातच. टबात बसून साबण लावणाऱ्यांच्या टबाला शॉवरखाली उभं राहणाऱ्यांपेक्षा जाड रेघ का येते, ते इथे कळतं.

दुसरा पदार्थ दगडाचा. क्षाराचं पाणी तापलं किंवा वाळलं की कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. किटलीच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलवर जी खडी बसते तीच ही. टबावर ती साबणाच्या थराखाली, थरात आणि थरावर अशी मिसळून बसते.

आता क्रमाचा प्रश्न स्पष्ट होतो. भांड्यांचं लिक्विड तेल काढतं, दगडाला काही करत नाही. व्हिनेगरसारखं आम्ल दगड विरघळवतं, पण वर तेलकट आवरण असेल तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय आम्ल कॅल्शियम स्टिअरेटमधलं कॅल्शियम काढून घेतं तेव्हा मागे स्टिअरिक ॲसिड उरतं, आणि तेही मेणासारखंच असतं. ते सुमारे ६९ अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे अंघोळीच्या गरम पाण्याने ते जाणार नाही. व्हिनेगर मारून, धुऊन, खूश होऊन आपण बाहेर पडतो आणि ते मेण टबावर तसंच राहतं. माझी चूक हीच होती.

काही लावण्याआधी टब कशाचा आहे ते बघा

लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर खाली पोलाद किंवा बीड आणि वर एनॅमल आहे, म्हणजे साधारण ८०० अंश सेल्सियसला भाजून धातूवर बसवलेली काच. असा टब हाताला गार लागतो आणि टिचकी मारली की खणखणतो. चुंबक चिकटलं नाही, हात लावल्यावर फार गार वाटलं नाही आणि आवाज बद्द आला, तर ॲक्रिलिक किंवा फायबरग्लास. फायबरग्लासवर रंगीत जेलकोटचा पातळ थर असतो. तो एकदा झिजला की खालचे तंतू दिसू लागतात. ॲक्रिलिकमध्ये रंग पत्र्याच्या आरपार असतो, म्हणून ओरखडा पडला तरी खालून दुसरा रंग दिसत नाही.

ॲक्रिलिक मऊ असतं. खनिजांची कठीणता मोजायच्या मोसच्या मापावर ते ३ च्या आसपास येतं, एनॅमल ५ ते ६ च्या आसपास. खायचा सोडा २.५ च्या जवळ, म्हणून तो दोन्हींवर चालतो. पाय घासायचा सच्छिद्र दगड ६ च्या जवळपास जातो. तो ॲक्रिलिकला ओरबाडेल आणि एनॅमललाही सोडणार नाही. घासायच्या काही पावडरींत वाळूचं म्हणजे क्वार्ट्झचं पीठ असतं, त्याची कठीणता ७. ती दोन्ही टबांवर नको. डाग पुसणारे पांढरे जादूचे स्पंज मिळतात ना, तो मेलामाइनचा फेस, आणि तोही बारीक पॉलिश पेपरसारखाच काम करतो. ॲक्रिलिकवर तो रोज फिरवाल तर सहा महिन्यांत चमक गेलेली दिसेल.

दगडी टब असेल तर पुढची आम्लाची सगळी कृती सोडून द्या. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे, लिंबू-व्हिनेगर डागाबरोबर टबालाही खातं. जुन्या एनॅमलच्या टबाबाबतही जपून, कारण पूर्वीचं सगळं एनॅमल आम्लाला टिकणारं नसायचं. नळाच्या मागे, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून दहा मिनिटांनी पुसा. तिथली चकाकी गेली तर आम्ल बंद. जुन्या टबावर नंतर रंग चढवून घेतला असेल तर तो मुळात रंगच आहे. त्याला फक्त सौम्य लिक्विड आणि मऊ कापड.

आणि कुठल्याही प्लास्टिकच्या टबावर थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, ॲसिटोन नको. ॲक्रिलिक त्यात विरघळतं. उकळतं पाणीही थेट ओतू नका, साधारण १०० अंशांजवळ ॲक्रिलिक नरम पडायला लागतं.

डाग कोणता, ते पाच मिनिटांत ओळखता येतं

टब कोरडा करा. कोरड्या टबावरच खरं चित्र दिसतं. ओल्यावर साबणाचा थर, खडी आणि ओरखडे तिन्ही लपतात.

नखाने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने हलकं खरवडा. मेणासारखी वळी निघाली तर साबणाचा थर. काहीच हललं नाही आणि कर्र आवाज आला तर खडी. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक बुडबुडे आले तर खात्री. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो पसरायच्या ऐवजी मणी होऊन बसला, तर वर तेल किंवा मेण शिल्लक आहे.

रंगही बोलतो. नळाखाली पिवळी-नारिंगी धार म्हणजे लोह. निळसर-हिरवी म्हणजे तांबं. काळपट-तपकिरी असेल तर बहुतेक मँगनीज, निदान ज्यांच्याकडे जमिनीखालचं पाणी येतं त्यांच्याकडे. गुलाबी किंवा केशरी बुळबुळीत थर दिसला तर तो डाग नाही, ते जिवाणू आहेत. सांध्यातल्या सिलिकॉनवर काळे ठिपके म्हणजे बुरशी. ही शेवटची दोन प्रकरणं वेगळी आहेत, त्यांच्यावर पुढे येतो.

मुख्य काम: करडी रेघ आणि पांढरट थर

एक तास मोकळा ठेवा. त्यातला बराचसा वेळ वाट पाहण्यात जाईल, घासण्यात थोडा. खिडकी उघडा, हातमोजे घाला, केस आणि कचरा आधी काढून टाका.

पहिला हात लिक्विडचा. कोरड्या टबावरच भांड्यांचं लिक्विड थोड्या गरम पाण्यात मिसळून स्पंजाने पसरवा. आधी पाणी ओतू नका, ते लिक्विडला पातळ करतं. दहा मिनिटं राहू द्या, मग मऊ स्पंजाने गोल गोल फिरवून धुवा. या टप्प्यावर टब फारसा बदललेला दिसणार नाही. हरकत नाही, वरचं सुटं तेल गेलं की आम्लाला वाट मिळते.

मग आम्ल. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आणि त्यात चमचाभर लिक्विड. सायट्रिक ॲसिड नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच कोमट पाणी. बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, ते घरकामाला पुरतं. मला सायट्रिक बरं वाटतं: वास नाही, आणि ते कॅल्शियमला नुसतं विरघळवत नाही तर धरूनही ठेवतं. पाणी मात्र कोमटच घ्या, कढत नको. कॅल्शियम सायट्रेट गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे फार गरम द्रावणात पुन्हा पांढरा गाळ बसू शकतो.

उभ्या बाजूंवर द्रावण टिकत नाही, दोन मिनिटांत ओघळून जातं. बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. टिश्यू पेपर किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या द्रावणात भिजवून थेट रेघेवर चिकटवा. वाळू लागल्या तर वरून पुन्हा फवारा. वीस मिनिटं. खडी जाड असेल तर चाळीस. नळ, जाळी, ओव्हरफ्लोचं झाकण यांच्या चकचकीत मुलाम्यावर पट्टी सोडू नका; तिथे पाच मिनिटं ठेवून लगेच पुसा, नाहीतर मुलामा निस्तेज होतो.

पट्ट्या काढल्यावर मऊ स्पंज फिरवा. बराचसा थर ओल्या पिठासारखा सुटेल. भरपूर पाण्याने धुवा.

आता थांबू नका. हात फिरवा, कुठेतरी अजून मेणचट लागेल. तेच ते मघाचं स्टिअरिक ॲसिड. आम्ल पूर्ण धुतलं गेलं आहे ना याची खात्री करून, खायचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड एकत्र करून दह्यासारखं दाट मिश्रण करा आणि ओल्या स्पंजाने सगळीकडे फिरवा. पाच मिनिटांनी धुवा. पाण्याचा थेंब आता मणी न होता पसरला पाहिजे. पसरला तर काम झालं. मणी झाला तर तेवढ्याच भागावर पुन्हा आम्ल, पुन्हा सोडा. दोन वर्षांचा थर एका फेरीत निघत नाही. आमच्या टबाला तीन फेऱ्या लागल्या आणि मी त्या तीन वेगवेगळ्या दिवशी केल्या. जास्त कडक आम्लाने एकदा करण्यापेक्षा सौम्य आम्लाने तीनदा करणं टबाला मानवतं.

शेवटी कोरड्या कापडाने पुसून घ्या. हे टाळलं तर धुण्याच्या पाण्यातलेच क्षार वाळून पुन्हा पांढरी झाक येते आणि वाटतं की काहीच निघालं नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्ला सगळीकडे दिसतो. फसफस होते, पाहून बरं वाटतं. पण त्या फसफशीत दोघं एकमेकांना संपवतात. उरतं ते पाणी, सोडियम ॲसिटेट आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. साफ करणारं काही शिल्लक राहत नाही. दोन्ही कामाचे आहेत, पण एकामागून एक, मध्ये धुऊन.

तळ: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

घसरू नये म्हणून टबाच्या तळाला बारीक खडबडीत नक्षी असते. त्या खळग्यांत साबण भरला की नक्षी सपाट होते, आणि ज्या कामासाठी ती आहे तेच बंद पडतं. माझे वडील टबातून बाहेर येताना दोनदा घसरले. दुसऱ्यांदा मनगट सुजलं. तोपर्यंत मी कडेच्या रेघेच्याच मागे होतो, कारण ती दिसते. तळाचा करडेपणा मला जुनेपणाचा वाटत होता. तो साबणच होता. घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर सुरुवात तळापासून करा.

स्पंज त्या खळग्यांत शिरत नाही. मऊ नायलॉनचा ब्रश हवा, जुना टूथब्रश कोपऱ्यांना. वर सांगितलेली आम्लाची फेरी तळाला करायची तर पट्ट्यांची गरज नाही, ड्रेन बंद करून अर्धा इंच द्रावण उभं ठेवलं की झालं. त्यानंतरही करडं राहिलं तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ती विरघळवून तळ बुडेल एवढं पाणी तासभर ठेवा. तीतून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि सेंद्रिय मळ उचललं जातं. आधीचं आम्ल पूर्ण धुतल्यावरच हे करा, आणि कुठलंही पेरॉक्साइड व्हिनेगरमध्ये मिसळू नका. त्यातून पेरॲसेटिक ॲसिड बनतं, जे डोळ्यांना आणि घशाला त्रासदायक असतं.

टब चमकावायला बाजूंवर मेण किंवा पॉलिश लावतात, त्याने पाणी ओघळून जातं आणि थर उशिरा बसतो. तळाला ते कधीही लावू नका.

रबरी मॅट वापरत असाल तर प्रत्येक आंघोळीनंतर ती उचलून टांगून ठेवा. खाली अडकलेलं पाणी सुकत नाही. शिवाय काही रबर आणि विनाइलच्या मॅटमधला नरम ठेवणारा पदार्थ ॲक्रिलिकमध्ये उतरतो आणि मॅटच्या खालच्या चोषकांचे, म्हणजे टबाला धरून ठेवणाऱ्या वाटीसारख्या गोल भागांचे डाग कायमचे उमटतात. ते पृष्ठभागावर नसतात, आत असतात; कशानेही निघत नाहीत.

लोहाचे पिवळे डाग

इथे लोक ब्लीच (मघाचं ऑक्सिजन ब्लीच नव्हे, क्लोरीनचं द्रव ब्लीच; इथून पुढे ब्लीच म्हणजे तेच) ओततात आणि डाग गडद होतो. कारण सरळ आहे: ब्लीच ऑक्सिडीकरण करतं, आणि गंज म्हणजे ऑक्सिडीकरण झालेलं लोहच. पाण्यात अजून विरघळलेलं लोहही ब्लीचने गंज होऊन टबावर बसतं. पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की असे डाग दिसू लागतात, म्हणजे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना.

डाग लोहाचाच आहे का हे बघायला व्हिटॅमिन सी ची साधी पांढरी गोळी ओली करून डागावर दोन मिनिटं धरा. फिकट झाला तर लोह. हलक्या डागाला सायट्रिक ॲसिडचं घट्ट मिश्रण पुरतं. जुन्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड असलेली पावडर किंवा क्रीम लागते. ते लोहाला धरून पाण्यात विरघळणारं संयुग करतं. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. हातमोजे घाला, पावडर उडवू नका, मुलं आणि पाळीव प्राणी बाहेर ठेवा, आणि काम झाल्यावर दोनदा धुवा. गंज काढायच्या काही कडक द्रवांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते काच आणि एनॅमल दोन्ही खातं आणि त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करतं. लेबलवर ते नाव दिसलं तर घरात आणूच नका.

शेव्हिंग फोमच्या डब्याचं गंजाचं गोल कडं हेही याच पद्धतीने जातं. डब्याच्या बुडाला पारदर्शक नेलपॉलिश लावून ठेवा, पुन्हा उमटणार नाही.

एनॅमलच्या टबाला एकाच जागी, ठिपक्यासारखा गंज परत परत येत असेल तर पाण्याला दोष देऊ नका. तिथे टवका उडून खालचं पोलाद उघडं पडलं आहे. गंज काढून, पूर्ण कोरडं करून, टवके भरायच्या इपॉक्सीने तो बुजवावा लागतो. आणि ते लवकर करा, कारण गंज कडांखालून पसरत जातो आणि टवका मोठा होतो.

निळ्या-हिरव्या धारेबद्दल थोडक्यात. ती आम्लाने निघते, पण ती दिसणं म्हणजे तांब्याचे पाइप झिजताहेत, बहुधा पाणी आम्लधर्मी असल्यामुळे. पाणी तपासून घ्या.

गुलाबी थर आणि काळी बुरशी

गुलाबी थरामागे बहुतेकदा सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू असतो. साबण आणि शाम्पूतले स्निग्ध अवशेष हे त्याचं खाद्य, आणि ओल कायम असली की तो वाढतो. आम्लाने थर निघाला तरी जिवाणू उरतात आणि आठवड्यात परत दिसतात. आधी लिक्विडने घासून थर काढा, धुवा, आणि मगच पातळ केलेलं ब्लीच लावून दहा मिनिटं ठेवा. थरावरच ब्लीच मारलं तर ते वरच्या मळातच खर्ची पडतं. कमजोर प्रकृतीच्या माणसांना या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्याला नुसता रंग समजून सोडू नका.

सिलिकॉनवरच्या काळ्या ठिपक्यांसाठी टिश्यूची वळी ब्लीचमध्ये भिजवून सांध्यावर रात्रभर ठेवतात, ते खरंच उपयोगी पडतं. पण काळेपणा सिलिकॉनच्या आत गेला असेल तर ते कापून नवं भरा. भरताना टब आधी पाण्याने भरून घ्या. वजनाने टब किंचित खाली बसतो आणि फट पूर्ण उघडते. त्या अवस्थेत भरलेलं सिलिकॉन नंतर आंघोळीच्या वेळी ताणून तुटत नाही. ते पक्कं होईपर्यंत, निदान एक दिवस, पाणी तसंच राहू द्या.

ब्लीच वापरलं त्या दिवशी व्हिनेगर, सायट्रिक, टॉयलेटचं ॲसिड यातलं काहीही वापरू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये, टबावर वाकलेलं असताना, हे जिवावर बेतू शकतं. घसा खवखवला किंवा डोळे झोंबले तर पाणी ओतत बसू नका, आधी बाहेर या.

सगळं करूनही निस्तेज दिसत असेल

ओला असताना छान, वाळला की धुरकट: हे खडी राहिल्याचं लक्षण असू शकतं आणि पृष्ठभाग झिजल्याचंही. फरक असा ओळखा. त्या जागेवर आम्लाची पट्टी वीस मिनिटं ठेवून, धुऊन, सोडा-लिक्विड फिरवून, पूर्ण वाळू द्या. काहीतरी सुधारलं तर खडी होती, अजून एक फेरी करा. तसूभरही फरक नाही तर ते बारीक ओरखडे आहेत. ॲक्रिलिक आणि जेलकोट प्लास्टिकच्या पॉलिशने हलक्या हाताने पुन्हा बऱ्यापैकी तुकतुकीत करता येतात. एनॅमलची गेलेली चकाकी पॉलिशने परत येत नाही, तिथे नवा लेप चढवणाऱ्या कारागिराकडेच जावं लागतं. तोपर्यंत अशा टबाला जास्त वेळा, पण हलकं पुसायचं. खरखरीत पृष्ठभाग मळ लवकर धरतो आणि पुन्हा घासणी चालवली तर आणखी लवकर धरेल.

परत येऊ नये म्हणून

सगळ्यात मोठा फरक आमच्याकडे साबण बदलल्याने पडला. लेबल वाचा. सोडियम पामेट, सोडियम टॅलोएट, सोडियम कोकोएट अशी नावं असतील तर तो खरा साबण, क्षाराच्या पाण्यात त्याचा चोथा होणार. सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असेल तर कॅल्शियमबरोबर तसा थर जमत नाही. बहुतेक बॉडी वॉश दुसऱ्या प्रकारात येतात. साबणाची वडीच आवडत असेल तर ती शॉवरखाली वापरा, भरलेल्या टबात नको.

एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. अंगदुखीसाठी टबात एप्सम सॉल्ट टाकतात, ते मॅग्नेशियम सल्फेट आहे. म्हणजे साबणाचा चोथा करणारं मॅग्नेशियम आपण मुठीने पाण्यात टाकतो. मीठ टाकायचं त्या दिवशी त्या पाण्यात साबण लावू नका. आंघोळीच्या तेलांचं आणि रंगीत बाथ बॉम्बचंही असंच, तेलाचा थर मळ धरतो. पाणी उतरताच गरम पाण्याचा हात फिरवून टाका.

पाणी किती क्षाराचं आहे याचा अंदाज घरीच घेता येतो. स्वच्छ बाटलीत थोडं पाणी, त्यात वडीच्या साबणाचा कीस, आणि जोरात हलवा. दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी असेल तर पाणी मृदू. फेस नाही आणि पाणी दुधी, वर चोथा, तर क्षार भरपूर. ही चाचणी लिक्विडने करू नका, त्याला कुठल्याही पाण्यात फेस येतो. प्रयोगशाळेच्या अहवालात लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यावर फार जड अशी वर्गवारी सर्वसाधारणपणे धरतात. १८० च्या वर असेल तर कितीही चांगलं पुसा, थर बसणारच. तेव्हा कॅल्शियमच्या जागी सोडियम देणारा सॉफ्टनर बसवायचा विचार करावा.

आणि नळ ठिबकतोय का ते बघा. रोजच्या आंघोळीचं पाणी टबावर पाच-दहा मिनिटं असतं, ठिबकणारा थेंब चोवीस तास एकाच रेषेत पडतो आणि तिथेच वाळतो. आमच्या टबावरची सगळ्यात जुनी पिवळी धार मी चार वेळा काढली होती. पाचव्यांदा काढली, त्याच दिवशी नळाचा वायसर बदलला. ती धार त्यानंतर आलेली नाही. बाकीच्या टबासाठी दाराच्या मागे एक कापड टांगून ठेवलंय. शेवटी आंघोळ करणारा बाजू आणि तळ पुसून बाहेर येतो, आणि महिन्यातून एकदा कोमट सायट्रिकची वीस मिनिटांची फेरी करतो.